दोघं, दोन गावं आणि एक दिवस: कॉट्सवोल्डमध्ये रमतगमत

इंग्लंडला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात आम्ही दोघं भाड्याची गाडी घेऊन कॉट्सवोल्ड या जुन्या दगडी खेड्यांच्या टापूत गेलो आणि एका दिवसात सहा गावं ‘केली’. परतताना नवऱ्याने विचारलं, “ते बदकांचं गाव कुठलं गं? चौथं की पाचवं?” मला आठवेना. फोनमधले फोटो पाहिले, तर निम्म्या फोटोंत मागे पार्किंगची पाटी.

तेव्हापासून आमचा नियम ठरला: एका दिवशी जास्तीत जास्त दोन-तीन गावं, आणि त्यांच्यामधलं अंतर पायी. या भागाची खरी मजा गावांपेक्षा गावांमधल्या शेतवाटांत आहे, आणि गाडीतून नेमकी तीच हुकते. पुढे दिलेला बेत आम्ही तीन-चारदा केलेला आहे. लंडनहून किंवा रेडिंगहून सकाळी निघून रात्री घरी येता येतं. एकूण चालणं साधारण पाच मैल, म्हणजे आठ किलोमीटर. चढ नावापुरता.

बेत असा: रेल्वेने मोर्टन-इन-मार्श, तिथून बसने बोर्टन-ऑन-द-वॉटर. बोर्टनहून पायी लोअर स्लॉटर, तिथून अप्पर स्लॉटर, आणि आल्या वाटेने परत.

‘स्लॉटर’ हे नाव ऐकून आईने फोनवर विचारलं होतं, “कत्तलखान्याचं गाव बघायला चाललात?” तसं काही नाही. जुन्या इंग्रजीतल्या ओल्या, चिखलाच्या जागेच्या शब्दावरून हे नाव आलंय असं मानतात. म्हणजे आपली चिखलीच. लोअर म्हणजे चिखली खुर्द आणि अप्पर म्हणजे चिखली बुद्रुक म्हणा हवं तर, फक्त आकाराने इथे दोन्ही खुर्दच.

दिवस कोणता निवडायचा

मे, जून आणि सप्टेंबर. जूनच्या मध्यावर सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारचं जेवण लांबलं तरी घाई होत नाही. डिसेंबरात चार वाजताच अंधारतं, तेव्हा हा बेत नको. एप्रिलमध्ये कोकरं दिसतात पण वाटा चिकचिकीत असतात. जुलैच्या अखेरीपासून ऑगस्टभर शाळांना सुट्टी, तेव्हा बोर्टनमध्ये नदीकाठी चतकोर जागा मिळणं मुश्कील.

वार मंगळवार ते शुक्रवारमधला पकडा. मंगळवारी मोर्टनला आठवडी बाजार भरतो, बस येईपर्यंत तिथे चीज आणि चेरी घेता येतात. शनिवार चालेल. रविवार मात्र टाळा, कारण खेड्यांतल्या बस त्या दिवशी फारच तुरळक असतात.

तिकिटं, आणि बेत उलट्या बाजूने आखणं

दोघांनी मिळून फिरायचं असेल तर ‘टू टुगेदर रेलकार्ड’ काढा. कार्डावर दोघांची नावं आणि फोटो असतात, दोघं एकत्र प्रवास करत असाल तर रेल्वेच्या तिकिटावर एक तृतीयांश सूट. अट एवढीच की सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी ते चालत नाही. लोकांना ही अट जाचक वाटते. मला ती सोयीची वाटते, कारण घरी निवांत चहा-पोहे करून निघता येतं.

गाड्या लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून सुटतात आणि रेडिंग, ऑक्सफर्ड करत मोर्टनला येतात. पॅडिंग्टनपासून साधारण एक तास चाळीस मिनिटं. मोर्टनहून पुलहॅम्स कंपनीची ८०१ क्रमांकाची बस स्टो-ऑन-द-वोल्डमार्गे बोर्टनला आणि पुढे चेल्टनहॅमला जाते. बोर्टनपर्यंत अर्धा तास धरा.

आता महत्त्वाचं. आधी परतीची शेवटची बस किती वाजता आहे ते पाहा. मग तिच्या आधीची बस आपली समजा. मग सकाळची बस निवडा आणि तिला जुळणारी रेल्वे घ्या. आम्ही पहिल्यांदा उलटं केलं होतं, म्हणजे रेल्वे आधी ठरवली आणि मोर्टनच्या थांब्यावर पन्नास मिनिटं बसलो. वेळापत्रक हंगामाप्रमाणे बदलतं, त्यामुळे आदल्या रात्री पुन्हा एकदा बघाच. शहरातल्यासारखी ‘ही गेली तर पुढची’ अशी गंमत इथे नसते.

गाडीनेच जाणार असाल तर ती बोर्टनच्या पैसे देऊन लावायच्या पार्किंगमध्ये ठेवा आणि बाकीचं तसंच पायी करा. स्लॉटरमधल्या अरुंद रस्त्यांच्या कडेला गवतावर गाडी लावली की गावकऱ्यांच्या कपाळावर आठ्या पडतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

पिशवीत काय

पाणी, पातळ रेनकोट (छत्री वाऱ्यात उलटी होते), घट्ट बुटांचा जोड आणि एक जादा मोज्यांचा जोड. ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचा ‘ओएल ४५’ हा कॉट्सवोल्डचा नकाशा घ्या, १:२५,००० प्रमाणाचा, म्हणजे नकाशावरचे चार सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. त्यावरच्या हिरव्या तुटक रेघा म्हणजे पायवाटा, त्या आपल्या कामाच्या. फोनवर नकाशा आधीच उतरवून ठेवा, दरीत रेंज जाते. खाऊ म्हणून आम्ही तिखटमिठाच्या पुऱ्या आणि कैरीचं लोणचं नेतो. लोणच्याची डबी दोन पिशव्यांत गुंडाळा, का ते विचारू नका.

रेल्वेत: खिडकीबाहेर थोडं लक्ष

ऑक्सफर्डनंतर डबा शांत होतो. मोर्टनच्या आधीचं स्टेशन किंगहॅम. तिथून काही मैलांवर डेल्सफर्ड नावाचं चिमुकलं गाव आहे आणि तिथल्या चर्चच्या आवारात वॉरन हेस्टिंग्जची कबर आहे. शाळेत पाठ केलेला सालबाईचा तह (१७८२) ज्याच्या कारकिर्दीत झाला, तोच हा पहिला गव्हर्नर जनरल. हातून गेलेली घराण्याची जहागीर त्याने १७८८ मध्ये परत विकत घेतली, महाभियोगातून १७९५ मध्ये सुटला आणि १८१८ च्या ऑगस्टमध्ये इथेच वारला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये दुसरा बाजीराव इंग्रजांच्या स्वाधीन झाला होता. त्या वेळच्या गव्हर्नर जनरलचं नावही हेस्टिंग्जच, पण तो वेगळा.

मोर्टनजवळच सेझिनकोट नावाचा बंगला आहे, त्यावर चक्क तांब्याचा मुघली घुमट. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत पैसा केलेल्या चार्ल्स कॉकरेलसाठी त्याच्या वास्तुविशारद भावाने तो १८०५ च्या सुमारास उभारला. आजच्या बेतात हे बसत नाही. पुन्हा याल तेव्हा बोर्टन-ऑन-द-हिलहून (हे बोर्टन वेगळं) लाँगबरोला जाणाऱ्या पायवाटेने चाला, वाटेतून तो घुमट दिसतो.

बोर्टनमध्ये थांबू नका

विंड्रश नदी, तिच्यावरचे बुटके दगडी पूल, काठावरची हिरवळ, सगळं चित्रासारखं आहे. पण तुम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोचणार आणि ती नेमकी पर्यटक-बसची वेळ. स्वच्छतागृह गाठा, कारण पुढच्या गावांत भरवसा नाही, आणि सरळ चालू लागा. बोर्टन संध्याकाळी आपलंच आहे.

गावाच्या कडेला ए-४२९ हा मोठा रस्ता लागतो. हा मूळचा रोमनांचा ‘फॉस वे’, एक्सेटरपासून लिंकनपर्यंत बाणासारखा गेलेला. म्हणूनच गाड्या जोरात असतात, तो जपून ओलांडा. पलीकडे लोअर स्लॉटरची पायवाटेची पाटी दिसेल. दीड मैलाचं अंतर, रमतगमत पाऊण तास.

इथे एक गोष्ट समजून घ्या, नाहीतर दिवसभर बिचकत चालाल. इंग्लंडमध्ये खासगी शेतातूनही सार्वजनिक वहिवाट असते, आणि ती कायद्याने राखलेली असते. शेतकऱ्याला ती अडवता येत नाही. आपणही वाट सोडून पिकात शिरायचं नाही. फाटकाच्या खांबावर पिवळा बाण असला की वाट पायी चालणाऱ्यांची, निळा असला की घोडे आणि सायकलींनाही मुभा. फाटक जसं असेल तसंच ठेवायचं: बंद असेल तर बंद, मुद्दाम उघडं ठेवलेलं असेल तर उघडं.

ही फाटकं पाहण्यासारखी असतात. एकाचं नाव ‘किसिंग गेट’. लाकडी किंवा लोखंडी कोंदणात एक झुलतं दार असतं. आपण कोंदणात शिरायचं, दार आपल्या अंगावरून पलीकडे ढकलायचं आणि बाहेर पडायचं. माणूस जातो, गाय अडकते. एका वेळी एकच माणूस जाऊ शकतो. दार दोन्ही बाजूंच्या खांबांना टेकतं म्हणून ते नाव, पण पुढे गेलेल्याने दार धरून ठेवायचं आणि मुका मिळाल्यावरच सोडायचं, असा इथला जुना चावटपणा आहे. आमच्या मागे एकदा चौदा जणांचा पेन्शनरांचा गट होता. नवऱ्याने दार धरलं, मी लाजले, आणि मागून एक आजी म्हणाल्या, “लवकर करा, आम्हालाही जायचंय.”

गाई दिसल्या तर घाबरू नका, पण गाय आणि वासरू यांच्या मधून जाऊ नका, लांबून वळसा घ्या. वाटेच्या कडेची करवती पानांची नेटल पायाला लागली तर खाजकुयलीसारखी आग होते. जवळपास रुंद पानांचं ‘डॉक’ असतंच, त्याचं पान चुरगाळून चोळतात. गुण पानाचा की चोळण्याचा कोण जाणे, पण बरं वाटतं.

लोअर स्लॉटर: आधी जेवण, मग गाव

आय नावाची नदी गावातून वाहते. नदी कसली, आपल्याकडे ओहोळ म्हणू. गुडघाभरसुद्धा पाणी नाही आणि तळाचा प्रत्येक खडा मोजता येईल इतकं स्वच्छ. काठाने कॉप्स हिल रोड जातो. २०११ मध्ये गूगल स्ट्रीट व्ह्यूच्या मतदानात हा ब्रिटनमधला सर्वांत रोमँटिक रस्ता ठरला होता.

पण आधी पोटाचं बघा. खेड्यातल्या पबचं स्वयंपाकघर साधारण बाराला उघडतं आणि दोन-अडीचला बंद होतं, ते थेट संध्याकाळी सहाला. पब उघडा असतो, लोक पीत बसलेले असतात, पण जेवण नाही. एका गावात आम्ही पावणेतीनला पोचलो आणि चिप्सच्या दोन पुड्यांवर दिवस काढला. तेव्हा एकच्या आत खुर्चीत असा. आदल्या दिवशी फोन करून टेबल सांगून ठेवलं तर उत्तम.

पबची रीत: वेटरची वाट बघत बसू नका. टेबलावरचा नंबर पाहायचा, काउंटरवर जाऊन सांगायचं, पैसे तिथेच द्यायचे. काउंटरवर टिप अपेक्षित नसते. साधं नळाचं पाणी मागितलं तर फुकट मिळतं, दारू विकण्याचा परवाना असलेल्या जागांना ते द्यावंच लागतं. ‘प्लाउमन्स लंच’ मागवा: ब्रेड, चीजचा जाड तुकडा, सफरचंद, आंबटगोड लोणचं. शाकाहारी माणसालाही पोटभर होतं, फक्त हॅम नको म्हणून सांगा. आमची पुऱ्यांची डबी पबमध्ये उघडत नाही, ती पुढच्या शेतासाठी.

जेवण झालं की घरांकडे सावकाश बघा. हा मधाच्या रंगाचा दगड सोळा-सतरा कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ, उबदार समुद्राच्या तळाशी तयार झालेला चुनखडक आहे. नदीकाठच्या एखाद्या भिंतीजवळ नाक नेऊन पाहा, माशाच्या अंड्यांसारखे बारीक गोल कण दिसतात. त्यातल्या लोहामुळे हा पिवळा रंग. मग वर छपराकडे बघा. कौलंसुद्धा दगडाचीच, आणि खाली वळचणीपाशी मोठी, वर आढ्याकडे जाताना लहान होत गेलेली. एवढा बोजा आणि पाझरणारा दगड, म्हणून छपरं उभट. शेताभोवतीच्या भिंतींत चुना-सिमेंट काही नाही, दगडावर दगड रचलेला. कोकणातल्या माणसाला हे सांगायला नको, आपला गडगाच तो, फक्त जांभ्याऐवजी चुनखडकाचा.

ही गावं इतकी जुनीच्या जुनी कशी राहिली? मध्ययुगात इथल्या मेंढ्यांच्या लोकरीवर सगळा भाग गबर झाला, तेव्हा चर्चं आणि घरं बांधली गेली. पुढे कापडाचा धंदा उत्तरेकडच्या गिरण्यांत गेला आणि इथल्यांकडे जुनं पाडून नवं बांधायला पैसाच उरला नाही. आज त्याच घरांच्या किमती ऐकून घाम फुटतो. १९६६ पासून हा सगळा टापू संरक्षित आहे, सुमारे २,००० चौरस किलोमीटर.

गावाच्या वरच्या टोकाला जुनी पाणचक्की आहे, चाकासकट. सगळ्या पिवळ्या दगडात तिची तांबड्या विटांची चिमणी एकटीच उठून दिसते. पाण्याच्या जोडीला वाफ आली, त्या एकोणिसाव्या शतकातली ती खूण. मला ती विजोड चिमणी फार आवडते.

पाणचक्कीमागून अप्पर स्लॉटर

चक्कीच्या मागून ‘वॉर्डन्स वे’ ही वाट निघते. पुढचा मैल दिवसातला सर्वांत सुंदर. एका बाजूला नदी, मधे कुरणं, दोन-तीन फाटकं, आणि मेंढ्या तोंडातलं गवत न सोडता आपल्याकडे बघतात. वीस मिनिटांत संपेल. तासभर लावा. पुऱ्यांची डबी इथे उघडायची, वाटेच्या कडेला बसून, कचरा परत पिशवीत. बोर्टनपासून अवघं दोन-अडीच मैल अंतर, पण तिथल्या गर्दीचा दहावा हिस्साही इथवर येत नाही.

छोटा पूल ओलांडला की वरचं गाव. इथे चहाची टपरी, दुकान असलं काही शोधू नका. चौकाभोवतीची घरं १९०६ मध्ये एडविन ल्युटेन्स यांनी नव्याने बांधून काढली, तेच पुढे नवी दिल्ली आखणारे. राष्ट्रपती भवन मनात ठेवून या बुटक्या दारांकडे बघा.

अप्पर स्लॉटरची दुसरी गोष्ट मला जास्त लागते. इंग्लंडच्या जवळजवळ प्रत्येक खेड्यात महायुद्धांत मेलेल्यांचं स्मारक असतं, क्रूसाखाली नावांची यादी. इथे ते नाही. दोन्ही महायुद्धांत गावातून गेलेले सगळे जिवंत परत आले. अशी गावं देशभरात मूठभर आहेत. १९४४ च्या फेब्रुवारीत खुद्द गावावर बॉम्ब पडले, तरीही. माझं आजोळ साताऱ्याकडचं, तिकडे अपशिंग्यासारख्या गावात घराघरांतून माणूस फौजेत गेलेला आणि पहिल्या महायुद्धात न परतलेल्यांची स्मारकशिळा गावात उभी. इथल्या रिकाम्या चौकात ती शिळा आठवते.

सेंट पीटर्स चर्च उघडं असेल तर आत जा. जड लोखंडी कडी फिरवून वर उचलायची, ढकलू नका. आत गारवा, जुन्या लाकडाचा वास, गुडघे टेकायला भरतकाम केलेल्या उशा. अभ्यागतांच्या वहीत नाव लिहा, मराठीत लिहिलं तरी चालतं. दोन-चार पौंड पेटीत टाका, छपराची डागडुजी त्यावरच चालते. मग खाली नदीच्या उताराकडे जा. तिथे रस्ता सरळ पाण्यात शिरतो आणि पलीकडे निघतो. बूट काढून पाय बुडवा. जूनमध्येही पाणी बर्फासारखं असतं.

एक विनंती: या घरांत माणसं राहतात. खिडकीत डोकावून फोटो काढू नका.

परतीचा चहा

त्याच वाटेने परत. उन्हाची दिशा बदललेली असते, येताना सावलीत असलेल्या भिंती आता पेटलेल्या दिसतात. लोअर स्लॉटरमध्ये किंवा बोर्टनला पोचून ‘क्रीम टी’ घ्या: स्कोन, जॅम, घट्ट सायीसारखं क्लॉटेड क्रीम आणि किटलीभर चहा. दोघांत एकच मागवा, बहुतेक ठिकाणी स्कोन दोन येतात, आणि जादा कप मागून घ्या. आधी क्रीम की आधी जॅम यावर डेव्हन आणि कॉर्नवॉलवाले भांडतात. आपण ग्लॉस्टरशरमध्ये आहोत, त्यामुळे मोकळे. चहाची ठिकाणं पाचच्या सुमारास आवरायला घेतात, तेवढं ध्यानात ठेवा.

आई-बाबा भारतातून आले असतील तर त्यांना लोअर स्लॉटरपर्यंतच न्या आणि पाणचक्कीपाशी वळा. पुढच्या कुरणात चपला रुततात.

संध्याकाळचं बोर्टन

पाचनंतर पर्यटक-बस निघून जातात आणि दुपारी न दिसलेलं गाव दिसायला लागतं. बदकं पाण्यातून वर येऊन हिरवळ ताब्यात घेतात. पुलांना उंच कठडे नाहीत, पाय सोडून बसता येतं. थोडं लवकर पोचलात तर मॉडेल व्हिलेज बघा: १९३७ मध्ये खुलं झालेली ही बोर्टनचीच एक नवमांश आकाराची दगडी प्रतिकृती. त्या छोट्या बोर्टनमध्ये छोटं मॉडेल व्हिलेज आहे, आणि त्या छोट्यात आणखी छोटं. नवरा तिथे गुडघ्यांवर बसून मोजत राहिला आणि आमची एक बस चुकली. शेवटच्या आधीची बस आपली समजा म्हटलं, ते याचसाठी.

थांब्यावर दहा मिनिटं आधी उभे राहा, मोर्टनकडे जाणाऱ्या बाजूला. दोन्ही बाजूंचे थांबे सारखेच दिसतात. बस दिसली की हात करा, नाहीतर चालक समजतो तुम्ही सहजच उभे आहात.

घरी पोचल्यावर बूट ओले असतानाच धुवायला घेऊ नका. रात्रभर दाराबाहेर वाळू द्या, सकाळी दोन्ही चिखल्यांचा चिखल ब्रशच्या दोन फटक्यांत झडतो.